आधी विळा, मग हिंग

घरच्या बागेतल्या बटाट्यावर करपा आला की मराठी घरात उपायांची एक ठरलेली रांग लागते. सगळ्यात पुढे आंबट ताक, त्याच्यामागे हिंगाचं पाणी, मग हळद, मग कडुलिंबाचा काढा, मग कुणीतरी छातीठोकपणे सांगितलेला खायचा सोडा. एवढं होईस्तोवर आठवडा उलटलेला असतो. मग घरातलं एखादं जबाबदार माणूस कृषी केंद्रात जाऊन औषधाची पुडी आणतं. पुडीवरचं प्रमाण हेक्टरी असतं आणि आपली बाग बारा पिशव्यांची, त्यामुळे त्रैराशिक मांडण्यात आणखी एक संध्याकाळ जाते. सगळ्यांनी हात टेकले की रांगेच्या अगदी शेवटून विळा पुढे येतो. तोवर पाल्याने मान टाकलेली असते, खाली मातीत बटाट्यांना वास सुटलेला असतो, आणि विळ्याला कापण्यासारखं काही उरलेलं नसतं. माझं म्हणणं असं की ही रांग उलटी लावली पाहिजे. परसबागेतल्या करप्यावर विळा हा पहिला उपाय आहे. बाकीचे बहुतेक उपाय झाडासाठी नसतात, मालकाच्या मनःशांतीसाठी असतात. मनःशांती वाईट नाही, पण तिची भाजी होत नाही.

हा मुद्दा नवा रायपूरला बसून मांडण्यात थोडं औचित्य आहे. छत्तीसगडचं मंत्रालय 2012 मध्ये जुन्या रायपुरातून इथे हललं. महानदी भवनात फायली आल्या, इंद्रावती भवनात विभागप्रमुख आले आणि त्यांच्यामागून सेक्टर वसत गेले. रस्ते एवढे रुंद की समोरच्या घराला हाक मारायची तर फोनच करावा. जुन्या रायपुरातल्या मराठी मंडळींची मुळं नागपूरकर भोसल्यांच्या कारभारापर्यंत जातात. तात्यापाऱ्यात त्यांची जुनी घरं आहेत, 1935 पासून त्यांचं महाराष्ट्र मंडळ आहे. नव्हती ती फक्त घरामागची मोकळी जागा. सेक्टरात आल्यावर ती मिळाली, निदान गच्ची तरी मिळाली, आणि संध्याकाळी सहानंतर या शहरात करण्यासारखं दुसरं फारसं काही नसल्यामुळे बागकामाला बहर आला. माती मात्र हवी तशी मिळत नाही. छत्तीसगडी शेतकरी जमिनीचे भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार असे चार प्रकार मानतो. त्यांतला मुरमाड भाटा वाट्याला आला की माती विकत आणून वर चढवावी लागते. माधवराव सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट 1901 मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’मध्ये छापून आली. तिच्यातल्या जमीनदाराला एक टोपली माती उचलत नाही. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर माती चढवणाऱ्या आजच्या गृहस्थाला त्या जमीनदाराविषयी कणव वाटल्यावाचून राहत नाही. दिवाळी आटोपली की या मातीत स्वयंपाकघरातल्या टोपलीतले मोड आलेले बटाटे पुरले जातात. बटाटाच का, हे विचारायचं नसतं. अँडीज पर्वतातून निघून पोर्तुगीजांचं बोट धरून आलेला हा कंद आपल्याला एकादशीला चालतो. त्याच कुळातलं, पण अस्सल इथलं असलेलं वांगं मात्र चालत नाही. ज्याला एवढा मान दिला, त्याला बागेत जागा नाकारणं बरं दिसत नाही.

विळा उचलण्याआधी एक अट आहे. करपा खरोखरच करपा असला पाहिजे, आणि तोही त्यातला दुष्ट. रायपूरच्या बागेत बटाट्याचं पान पिवळं पडायला कारणं पुष्कळ असतात, आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे मालकाने प्रेमापोटी घातलेलं जादा पाणी. लावणीला नव्वदेक दिवस झाल्यावर, फेब्रुवारीत, पाला पिवळा पडतो तो आजाराने नव्हे; त्याची नोकरी संपलेली असते. त्याला औषध फवारणं म्हणजे निवृत्त माणसाला बदलीचा आदेश देण्यातला प्रकार. खरे करपे दोन. लवकर येणारा करपा आल्टर्नेरिया नावाच्या बुरशीचा. तो खालच्या, म्हाताऱ्या पानांवर आधी दिसतो. तपकिरी, कोरडा, एकात एक वर्तुळं असलेला ठिपका, शिरेपाशी बऱ्याचदा थांबणारा. हा सावकाश चालतो. खालची पानं खुडावीत, झाडाला उपाशी ठेवू नये, एवढ्यावर त्याची बोळवण होते. त्याच्यावर विळा चालवणं अन्याय होईल. उशिरा येणारा करपा वेगळा. पानाच्या टोकाशी किंवा कडेला पाण्यात भिजल्यासारखा हिरवट-काळा डाग पडतो, त्याला नीट काठ नसतो, आणि सकाळी दव असताना पान उलटं केलं तर डागाच्या कडेने पांढरी बारीक लव दिसते. दुपारी ती दिसत नाही. शंका असेल तर पान ओल्या कागदाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर ठेवावं. सकाळी लव वाढलेली दिसली की कुणा तज्ज्ञाला त्रास द्यायला नको. पण आपल्याकडे निदान होतं ते फोटोवरून, आणि फोटो काढला जातो तो भर दुपारी, पानाच्या पुढच्या बाजूचा, अंगठ्यासकट. पुढची बाजू दिसायला बरी असते. खरी हकिकत पाठीमागे असते. मंत्रालयाच्या गावात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको होतं.

आता आक्षेप. पहिला भूगोलाचा: हा डोंगरातल्या थंड हवेचा रोग, रायपूर पडलं उन्हाचं गाव, इथे तो कशाला येतोय? आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. हिंदुस्थानात हा करपा 1870 ते 1880 च्या दरम्यान पहिल्यांदा दिसला तो निलगिरीत, पुढे दार्जिलिंगकडे. छत्तीसगडात त्याला सोयीचं घर म्हणजे सरगुज्यातलं मैनपाट. तिथे पावसाळ्यात बटाटा होतो, ढग शेतात उतरतात, आणि इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने तिथे बटाट्याचं संशोधन केंद्र काढलं आहे ते उगीच नव्हे. आपल्याकडचे खेड-मंचरचे आणि सातगाव पठारावरचे शेतकरीही पावसाळी बटाटा काढतात, आणि श्रावणात आभाळ उतरलं की त्यांची झोप उडते. पण रायपूरचं ऊन दिवसाचं असतं, आणि करप्याला हवी असते रात्र. ब्रिटनमध्ये 2017 पासून ‘हटन निकष’ नावाचा एक ठोकताळा वापरतात: लागोपाठ दोन दिवस किमान तापमान 10 अंशांच्या खाली गेलं नाही आणि दोन्ही दिवशी निदान 6 तास हवेतली आर्द्रता 90 टक्के किंवा वर राहिली, तर करप्याची धास्ती धरावी. रायपूरची डिसेंबर-जानेवारीतली रात्र सरासरीने बारा-तेरा अंशांची असते. म्हणजे पहिल्या परीक्षेत आपण बहुतेक रोज पास. दुसरीचा पेपर अवघड असतो, कारण हवा कोरडी. पण दोन दिवस ढग आले, पहाटे धुकं पडलं की तोही सुटतो. आणि जिथे निसर्ग कमी पडतो तिथे आपण मदतीला धावतो. ऑफिसातून आल्यावर, अंधार पडता पडता, झारी घेऊन पानांना अंघोळ घालणारा गृहस्थ रात्रभराच्या ओलाव्याची सोय स्वखर्चाने करत असतो. या रोगाचा जंतू शास्त्रीयदृष्ट्या बुरशीसुद्धा नाही; त्याचं नातं तपकिरी शैवालाशी जवळचं, आणि थंड ओलाव्यात त्याचे बीजाणू शेपट्या हलवत चक्क पोहतात. पानावरचा पाण्याचा पातळ पापुद्रा त्यांना तलावासारखा पुरतो. दिवेलागणीनंतर झाडांना हात लावू नये, असं घरातल्या म्हाताऱ्या बायका बजावत असत. कारण त्या वेगळं सांगत, पण नियम पक्का होता.

दुसरा आक्षेप अनुभवाचा, आणि तो मोठ्या आवाजात केला जातो: आम्ही ताक मारलं आणि करपा थांबला. थांबला असेल, मला शंका नाही. प्रश्न एवढाच की ताक मारलं त्याच दिवशी ऊन पडलं होतं का. उशिरा येणारा करपा ओलाव्यावर जगतो. हवा कोरडी झाली, पारा तिशीकडे सरकला, की त्याचा जोर आपोआप ओसरतो. ढगाळ हवेला कंटाळून माणूस तिसऱ्या दिवशी ताक घुसळतो, चौथ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, आणि श्रेय ताकाच्या नावावर जमा होतं. ताकाची बदनामी करण्याचा हेतू नाही. भुरी नावाच्या दुसऱ्या रोगावर दूध-ताकाचा उपयोग होतो याला प्रयोगांचा आधार आहे, आणि खायच्या सोड्याची कीर्तीही मुळात भुरीवरचीच. पण भुरी कोरड्यात वाढणारी, पानाच्या वर बसणारी बुरशी. करपा पानाच्या आत शिरणारा. दशपर्णी अर्क आणि निंबोळी ही किड्यांची औषधं. म्हणजे आपल्या घरगुती औषधांत खोट नाही, ती चुकीच्या वॉर्डात पाठवली जातात इतकंच. हा घोटाळा आपल्याच बुद्धीचा दोष आहे असंही मानू नये. 1845 मध्ये करपा आयर्लंडमध्ये पोचला तेव्हा सरकारने लिंडली, प्लेफेअर आणि केन अशा तीन नामवंतांचा आयोग नेमला. कुणी दोष हवेला देत होतं, कुणी नव्याने सुरू झालेल्या आगगाड्यांमुळे हवेत साठलेल्या विजेला. आयोगाने सुचवलं की बटाटे हवेशीर खड्ड्यांत रचा, आणि नासलेले असतील ते किसून, धुऊन त्यातलं सत्त्व काढा. गव्हाच्या कुरडया करणाऱ्या गृहिणीला ही कृती पटकन कळेल; उपाशी कूळ कुटुंबाला तिचा काय उपयोग होता, ते आयोगालाच ठाऊक. बर्कली नावाचा एक पाद्री 1846 मध्ये सांगत होता की डागावरची ती लव हाच रोग आहे, रोगाचा परिणाम नव्हे. त्याचं बहुतेकांनी ऐकलं नाही. पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. जर्मनीच्या दे बारीने प्रयोग करून बर्कलीचं म्हणणं सिद्ध केलं ते 1860 नंतर. पान उलटून पाहणाऱ्या माणसाचं ऐकण्यात माणसं पूर्वीही मागेच होती.

तिसरा आक्षेप अधिक भारदस्त आहे: घरगुती उपाय सोडा, पण खरी औषधं आहेत ना? आहेत, आणि शेतकरी ती वापरतो. बोर्डो मिश्रणाचा जन्म तर विनोदी लेखाला शोभेल असा. फ्रान्समधल्या मेदोक भागातला एक द्राक्षमळेवाला रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत असे, तो रोगासाठी नव्हे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत, निळ्या डागांना भ्यावं म्हणून. 1882 मध्ये बोर्दोचे प्राध्यापक मिलार्डे यांच्या लक्षात आलं की बाकी मळा केवड्याने झडला असताना या वेली हिरव्यागार आहेत. 1885 मध्ये त्यांनी मिश्रण जाहीर केलं. केवडा हा करप्याचा चुलतभाऊ, म्हणून ते बटाट्यालाही लागू पडलं. चोरांमुळे शास्त्राची एवढी प्रगती क्वचितच झाली असेल. पण हे मिश्रण पानावर कवच चढवतं. आत शिरलेल्याला बाहेर काढत नाही. मॅन्कोझेबचंही तेच. जंतू पानात शिरल्यापासून डाग दिसेपर्यंत तीन-चार दिवस जातात, म्हणजे पहिला डाग दिसला तेव्हा शेजारच्या पानांत पाहुणे मुक्कामाला आलेले असतात. कवच चढवायचं ते त्याच्याआधी, निरोगी हिरव्या पानांवर, आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा पुन्हा. आणि सगळं छान चाललेलं असताना, केवळ आभाळाकडे बघून, रविवारी सकाळी फवारणी करणारा हौशी बागवान अजून जन्माला यायचा आहे. आत शिरणारी आंतरप्रवाही औषधं आहेत, तर त्यांतल्या मेटॅलॅक्सिलला जुमानत नाहीत असे जंतू भारतात केव्हाचे नोंदले गेले आहेत. शिवाय घरात बोर्डो करणं हा स्वतंत्र प्रपंच. एका लिटरला 10 ग्रॅम मोरचूद, 10 ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवायचे, मग एकत्र करायचे, लोखंडी भांडं वापरायचं नाही, त्याच दिवशी संपवायचं. झालेल्या मिश्रणात चकचकीत चाकू बुडवून बघायचा; पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. बारा पिशव्यांसाठी हे सगळं करून झाल्यावर उरलेलं निळं पाणी कुठे ओतायचं आणि तो चाकू परत स्वयंपाकघरात जाणार की नाही, यावर घरात जी चर्चा होते तिच्यापुढे करपा परवडतो.

आता विळ्याची बाजू. पाल्यावर करपा आला म्हणून बटाटा लगेच नासत नाही. डागांवरचे बीजाणू पावसाने किंवा आपल्या झारीने धुऊन खाली उतरतात, मातीच्या भेगांतून कंदापर्यंत पोचतात, आणि मग सालीखाली तांबूस-तपकिरी कूज सुरू होते. वरचा कारखाना बंद केला की खालचा पुरवठा थांबतो. म्हणून पाला जमिनीलगत कापायचा, उचलून बाजूला न्यायचा, पाणी बंद करायचं, उघडे पडलेले कंद मातीने झाकायचे आणि दहा-पंधरा दिवस हात बांधून बसायचं. तेवढ्यात मातीच्या पृष्ठभागावरचे बीजाणू मरतात आणि बटाट्याची साल पक्की होते. कापल्याच दिवशी उत्साहाने खणून काढलं तर पाल्यावरची घाण थेट कोवळ्या सालीवर बसते. आणि ही काही गच्चीवरच्या हौशी मंडळींनी काढलेली युक्ती नव्हे. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था 1949 मध्ये पाटण्याला निघाली, 1956 मध्ये शिमल्याला गेली. तिथल्या पुष्करनाथांनी मैदानी प्रदेशात निरोगी बियाणं तयार करण्याची जी पद्धत घालून दिली, तिचा कणाच वेळेवर पाला छाटणं हा आहे. तिथला शत्रू मावा आणि त्याच्यामार्फत येणारे विषाणू. शंभर पानांमागे वीस मावा दिसण्याच्या आत, डिसेंबरअखेर ते जानेवारीत, डोळ्यांसमोर हिरवागार डोलणारा पाला उडवायचा, की बटाटे थोडे लहान राहिले तरी बियाणं शुद्ध राहतं. आजार वेगळा, विळा तोच. देशाच्या बियाण्याचा व्यवहार ज्या शिस्तीवर चालतो, ती बारा पिशव्यांना कमीपणा आणणारी नसावी. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. लावणीला साठ-सत्तर दिवस झाले असतील तरच या सौद्यात काही हाती लागतं. चाळीस दिवसांच्या आत करपा आला तर खाली गोट्यासुद्धा नसतात. तेव्हा विळा म्हणजे फक्त अंत्यविधी. पण तेव्हा ताकही काही करणार नसतं, आणि निदान ताक तरी वाचतं.

मग एवढा साधा उपाय रांगेत शेवटी का उभा असतो? कारण तो उपायासारखा दिसत नाही. उपाय म्हटला की काहीतरी घालायला हवं, पाजायला हवं, शिंपडायला हवं. काढून टाकणं हे आपल्या लेखी हरणं. आपल्याकडे झाड लावणाऱ्याला पुण्य, तोडणाऱ्याला पाप, असा सरळ हिशोब आहे, आणि त्यात रोगट पाला असा वेगळा रकाना नाही. त्यातून झाड अर्धं हिरवं असतं. शेंड्याला दोन नवी पानं फुटलेली असतात आणि सगळं कुटुंब त्या दोन पानांवर डोळे लावून बसतं. शेतकऱ्याला ही चैन परवडत नाही. त्याच्या डोक्यावर बियाण्याचं कर्ज असतं, म्हणून तो तोटा कुठे थांबवायचा हे बघतो. हौशी बागवानाला तोटा नाहीच, म्हणून तो थांबतही नाही. विरोधाभास असा की झाडावर ज्याचा जीव सगळ्यात जास्त, त्याच्याकडेच ते सगळ्यात हालहाल होऊन मरतं. पाहुणेही यात हातभार लावतात. ‘अहो काका, कापताय काय एवढ्यात? आमच्या इकडे एकांनी गोमूत्र मारलं होतं...’ या वाक्याने उचललेला विळा खाली ठेवला गेल्याची उदाहरणं घरोघरी मिळतील. गोमूत्र मारलेल्या त्या एकांच्या बटाट्याचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.

उरले दोन आक्षेप, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध टोकांचे आहेत. एक म्हणतो, बाजारात बटाटा एवढा स्वस्त असताना हा खटाटोप मुळात कशाला? याला उत्तर नाही आणि द्यायचीही गरज नाही. परसबाग पैशाच्या हिशोबाने कधीच कुणी केलेली नाही, आणि ज्यांनी हिशोब मांडला त्यांनी बाग सोडली. दुसरा म्हणतो, माझी गच्ची, माझा बटाटा, माझा करपा. मी ताक मारीन नाहीतर आरती करीन, तुम्हाला काय? हा आक्षेप मला गंभीर वाटतो, कारण करपा खाजगी नसतो. ढगाळ हवेत त्याचे बीजाणू वाऱ्याबरोबर मैलोगणती जातात, आणि टोमॅटोवरही तितक्याच आवडीने बसतात. 2009 मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात मोठ्या दुकानांतून घरच्या बागांसाठी विकलेल्या टोमॅटोच्या रोपांबरोबर करपा गावोगाव पोचला, आणि ज्यांचं पोट शेतीवर होतं त्यांची शेतं त्यात गेली. हॉलंडमध्ये टाकाऊ बटाट्यांचे ढीग 15 एप्रिलच्या आत झाकून टाकायचा नियम आहे. तिथे शेजाऱ्याच्या उकिरड्यालाही कायदा लागतो. नवा रायपूर तर उभंच गावांच्या मधोमध आहे. सेक्टराची भिंत संपते तिथे राखी, तूता, उपरवारा अशी गावं लागतात, आणि तिथल्या घरामागच्या बारीत भाजी असते ती हौसेची नसते. राज्य सरकारने ‘नरवा, गरुवा, घुरवा, बारी’ ही योजना 2019 च्या सुमारास गाजवली, तेव्हा त्या चौथ्या शब्दाचे फलक आपल्या रुंद रस्त्यांवरही लागले होते. त्या बारीतल्या टोमॅटोला आपल्या गच्चीवरचा करपा भोवू नये एवढं पाहणं शेजारधर्मात बसतं. सुदैवाने रायपूरचा उन्हाळा इथे आपल्या बाजूने आहे. हा जंतू सहसा जिवंत कंदात तग धरतो. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत उघड्या मातीत त्याचा निभाव लागत नाही. मेबद्दल बोलण्यासारखी एवढीच चांगली गोष्ट असेल. पुढच्या वर्षीचा करपा येतो तो शीतगृहातल्या बियाण्याच्या पोटातून, म्हणजे बऱ्याचदा आपण हौसेने पुरलेल्या त्या मोड आलेल्या बटाट्यातूनच. म्हणून लावणीसाठी खात्रीचं, प्रमाणित बियाणं आणावं. कुफ्री ज्योती 1968 मध्ये आली तेव्हा ती करप्याला दाद देत नव्हती, पुढे जंतूने तिच्याशी जुळवून घेतलं. तेव्हा वाणाच्या भरवशावर झोपूही नये.

तेव्हा या हिवाळ्यात एवढं करा. पाणी सकाळी आणि बुडाशी द्या, पानांवर नको. आभाळ दोन दिवस उतरलेलं राहिलं तर तिसऱ्या दिवशी दव वाळण्याआधी खालची-वरची चार पानं उलटून बघा. लव नसेल तर खुशाल चहा प्या. लव असेल आणि झाडं साठ दिवसांपलीकडची असतील तर कुणालाही फोन न करता, फोटो न काढता, दव वाळल्यावर पाला कापा, उन्हात कडकडीत वाळवा किंवा खोल पुरा, आणि पंधरा दिवस खणू नका. विळा नसेल तर कात्री चालेल. हिंग डब्यात राहू द्या, तो लागणारच आहे. बटाटे लहान निघतील हे नक्की. दम आलूला लहानच लागतात.